शनिवारी मशीन बंद राहील

ओतानिएमी, ८ जानेवारी २००१

प्रिय मावशी,

शुक्रवारी तुला फोन केला होता. "मी इल्पो बोलतोय" असं घसा फाटेपर्यंत ओरडलो. तू म्हणालीस, "आभारी आहे, आमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आहे," आणि फोन ठेवून दिलास. ऑफिसच्या खोलीतले सगळे अजून हसताहेत. म्हणून हे पत्र.

बातमी चांगली नाही, तेव्हा सरळच सांगतो. नाताळच्या सुट्टीत कोणीतरी आमच्या सरोवर संस्थेच्या तारांवर कान लावून बसला होता. आपण इथून एखाद्या दूरच्या मशीनमध्ये शिरतो तेव्हा आपला पासवर्ड तारेतून उघडाच जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. त्यानं आरामात अर्ध्या संस्थेचे पासवर्ड वाचले. त्यामुळे ती जुनी वाट, टेलनेट, सगळीकडे बंद झाली आहे. हॉकियार्वी केंद्रातलं, तळ्याचं तापमान मोजणारं तुझं मशीनही आज सकाळी नेटवर्कवरून तोडलं. तोडणारा मीच. पगार त्याचाच मिळतो.

आता प्रत्येक केंद्राच्या मशीनवर एसएसएच नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं आहे. ते असलं की जे जे तारेतून जातं ते कुलूपबंद होऊन जातं. फेब्रुवारीअखेर ज्या केंद्रावर ते चालू नसेल ते केंद्रच बंद करायचं, असं केत्तुनेनबाईंनी ठरवलंय. बाई आमच्या विभागप्रमुख, आणि खर्च कमी करायला त्यांना निमित्तच हवं असतं. तुझं मशीन सगळ्यांत म्हातारं. त्याला चालवणारं युनिक्स इतकं जुनं आहे की हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींनी त्याचं नाव ऐकलं असलं तरी पुष्कळ.

तू काळजी करू नकोस. पुढच्या आठवड्यात गाडीत बसतो आणि स्वतः येऊन बसवून जातो.

तुझा,
इल्पो


हॉकियार्वी, ११ जानेवारी

इल्प्या,

त्या व्हॅक्यूम क्लीनरवाल्याचा आवाज अगदी तुझ्यासारखा आहे. त्याला मी आजवर किती वेळा झिडकारलं असेल देव जाणे, त्यातल्या निम्म्या वेळा तू असशील.

तळ्याचं तापमान चोरून कोणाचं काय भलं होणार? बर्फाखाली वर शून्य आणि तळाशी चार. मला विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. आणि पोस्टकार्डाला नावं ठेवू नकोस. मी उभा जन्म गावच्या पोस्टात काढला. पोस्टकार्ड वाचता येत असूनही न वाचणं याला नोकरी म्हणत असत. तुमच्या तारांवर तशी माणसं नाहीत, हे दुखणं आहे.

तू मात्र येऊ नकोस. बर्फ काढायची गाडी आमच्या रस्त्याला फिरकलेली नाही, पाहुण्यांच्या खाटेचा पाय मोडलाय, आणि मला सर्दी झाली आहे. जे काही बसवायचं ते सीडीवर घालून पाठव आणि कसं बसवायचं ते कागदावर लिही. एक नंबर, दोन नंबर, असं ओळीनं. कागदावर लिहिलेलं मी तंतोतंत करते. माझ्या हातून एक मनीऑर्डर कधी चुकीच्या घरी गेली नाही.

आता खरं सांगते, कारण तुझ्याशी नाही बोलणार तर कोणाशी. मार्केत्तानं माझ्यासाठी कायानी शहरात घर बघून ठेवलंय. तळमजल्यावर आहे, तरी इमारतीला लिफ्ट असल्याचं कौतुक सांगते. लेक वाईट नाही, घाबरट आहे. "आई, तुला फोन ऐकू येत नाही. पडलीस, तर मला कळणार कसं?" हे तिचं पालुपद. मी म्हणते, केंद्र कोण बघणार? त्यावर ती विषय बदलते. माझ्या नवऱ्यानं, ऊर्होनं, हे मोजमाप सुरू केलं तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, आणि तो गेल्यावर मी एक दिवस चुकू दिलेला नाही. उद्या केंद्र बंद झालं, तर माझ्याकडे तिला द्यायला उत्तर उरणार नाही, आणि मग मी लिफ्टमधून तळमजल्यावरून तळमजल्यावर जात बसेन.

तेव्हा नीट लिही.

तुझी,
तैमीमावशी


ओतानिएमी, १६ जानेवारी

प्रिय मावशी,

न येण्याची तीन कारणं दिलीस. एक दिलं असतंस तर विश्वास ठेवला असता. पण असो, तुझं घर, तुझी खाट.

सीडी सोबत आहे. ती बनवताना माझ्या नाकी नऊ आले, तेवढं ऐकून घे. तुझ्या मशीनवर सॉफ्टवेअर बांधायचं हत्यारच नाही. म्हणून त्याच वयाचं एक मशीन इथल्या तळघरातून हुडकून काढलं. त्याच्यावर दुसरी कुठलीतरी धूळ खात पडलेली यंत्रं रचलेली होती. एसएसएच बांधायला घेतलं तर ते म्हणालं, आधी गुप्तलेखनाचं सॉफ्टवेअर आण. ते आणलं, तर ते म्हणालं, आधी अमुक हवं. अमुक म्हणालं, मला तमुकशिवाय जमत नाही. लग्नाला एकाला बोलवावं आणि त्यानं मेव्हणे, साडू, त्यांचे शेजारी असे सगळे घेऊन यावं, तसं झालं. सगळं वऱ्हाड सीडीवर आहे.

आणखी एक गंमत. किल्ली बनवायची तर कोणाला ओळखता येणार नाहीत असे बेभरवशाचे आकडे लागतात. नवीन मशीन ते आपलं आपण पुरवतं. तुझ्या जुन्या युनिक्सकडे तशी सोयच नाही. म्हणून एक छोटा प्रोग्राम सोबत देतोय. मशीनवर जी काही बारीकसारीक हालचाल चालते तिच्यातून तो बेभरवसा गोळा करतो. तो आधी चालू करायचा, मग किल्ली बनवायची, मग दार उघडणारा प्रोग्राम चालू करायचा. वेगळ्या कागदावर सगळं क्रमानं लिहिलंय. मध्ये कुठं मशीननं "हो की नाही" विचारलं, तर "हो" म्हण.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. किल्ली तयार झाली की मशीन तिचा ठसा दाखवेल. आकड्यांच्या आणि अक्षरांच्या जोड्यांची लांबलचक ओळ असते. ती हातानं कागदावर उतर आणि पोस्टानं पाठव. मी पहिल्यांदा दार ठोठावीन तेव्हा माझं मशीन मला विचारेल, "या माणसाला ओळखतोस का? त्याचा ठसा असा असा आहे." सगळं जग न बघता "हो" म्हणतं. मी तुझ्या कागदाशी ताडून बघेन. मध्येच कोणी तोतया तुझ्या नावानं उभा असेल, तर तिथंच पकडला जाईल. तारेवर विश्वास नाही म्हणून तर हे सगळं चाललंय, मग ठसा तारेनं कसा मागवायचा? त्याला तुझं पोस्टच हवं.

तुझा,
इल्पो


हॉकियार्वी, २२ जानेवारी

इल्प्या,

शेवटी पोस्टाकडेच आलात ना. हे वाक्य कापून आरशाला लावलंय.

झालं काम. वऱ्हाड आत घ्यायला जागा पुरेना, म्हणून ऊर्होचा बुद्धिबळाचा खेळ पुसावा लागला. तो मशीनशी कायम हरायचा आणि कॉफी कडू झाली म्हणून मला बोलायचा. पुसताना हात थांबला, पण पुसला.

मग किल्ली बनवायला गेले तर मशीन म्हणालं, बेभरवसा पुरेसा जमलेला नाही. अरे, जानेवारीत हॉकियार्वीला बेभरवशाचं काय घडणार? एक गाडी जाते, तीही मंगळवारी. थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हटलं आपणच काहीतरी घडवू. गेल्या हिवाळ्यांचे आकडे उघडून बघितले, बंद केले, तुझ्या आईनं पाठवलेली जुनी पत्रं मशीनवर होती ती वाचली, एक दोनदा डोळे पुसले. पुन्हा किल्ली मागितली तर लगेच दिली. तेव्हा तुझ्या त्या कुलपात तुझी आईही थोडी आहे, हे लक्षात असू दे.

ठसा वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलाय आणि चष्मा पुसून पुन्हा ताडलाय. सातासारखा दिसतो तो सातच आहे.

तुझी,
मावशी


ओतानिएमी, २५ जानेवारी

प्रिय मावशी,

जुळला! शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला! सातही सातच निघाला.

तुझ्या मशीनमध्ये पाऊल टाकलं आणि मशीनचा पडदा दोन भागांत विभागून तुला हाक मारली, तेव्हा वाटलं नव्हतं तू उत्तर देशील. वरच्या भागात माझे शब्द, खालच्या भागात तुझे, एका बोटानं टाइप केलेले, एकेक अक्षर. "कोण आहे" असं आलं. मी लिहिलं, "व्हॅक्यूम क्लीनर हवाय का?" त्यावर तू जे लिहिलंस ते आमच्या खोलीत मोठ्यानं वाचता आलं नाही.

मावशी, तुला कळलं का काय झालं ते? आपण किती तरी वर्षांनी बोललो. ओरडल्याशिवाय, "काय म्हणालास?" शिवाय. तू विनोद केलास आणि मी हसलो, मी केला आणि तू हसलीस. आई गेल्यापासून घरचं कोणी माझ्याशी असं गप्पा मारत बसलेलं नाही. दुपारचं जेवण राहून गेलं. हे बोलायचं राहिलं होतं, म्हणून मुद्दाम पत्रात लिहितोय. पत्रात लाज कमी वाटते.

केत्तुनेनबाईंना सांगितलं, सर्वांत म्हातारं केंद्र सर्वांत आधी तयार. बाई म्हणाल्या, "एक महिना नीट चालू दे, मग बघू." म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत.

तुझा,
इल्पो


ओतानिएमी, २९ जानेवारी

प्रिय मावशी,

हे पत्र घाईनं लिहितोय. शांतपणे वाच.

शनिवारी संध्याकाळी आपण बोलत होतो आणि बोलता बोलता तू गप्प झालीस, संपर्कच तुटला. म्हटलं तार गेली असेल. रविवारी बराच वेळ ठोठावलं, कोणी दार उघडेना. आज सकाळी दार उघडलं, पण माझा पडदा अक्षरशः ओरडायला लागला. ठसा बदललाय! "कोणीतरी घाणेरडं काहीतरी करत असण्याची शक्यता आहे" असं ठळक अक्षरात आलं. हे मी माझ्या पदरचं लिहीत नाही, मशीन खरंच तसं म्हणतं.

याचा अर्थ दोनपैकी एक. एक तर तुझ्या आणि माझ्या मध्ये कोणी तोतया बसलाय, किंवा तुझ्या मशीनमध्येच कोणी शिरून किल्ली बदलली आहे. मी आत पाऊल टाकलं नाही. नियमाप्रमाणे लगेच तुला पुन्हा नेटवर्कवरून तोडलं आणि बाईंना कळवलं.

आता एवढं सांग. केंद्राच्या झोपडीत कोणी आलं होतं का? झोपडीभोवती बर्फात पावलं आहेत का? मशीनचा आत्ताचा ठसा काय आहे तो उतरून पाठव. तुझ्या मशीनवर कोणी हात टाकला म्हणजे आमच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.

इल्पो


हॉकियार्वी, १ फेब्रुवारी

इल्प्या,

इथं कोणी आलेलं नाही. झोपडीभोवती फक्त सशाची पावलं आहेत, आणि सशाला युनिक्स येत नाही.

ठसा सोबत आहे. बदललाय खरा. थंडीनं झाला असेल. इथं उणे तीसच्या खाली गेलं होतं, दारं आकसतात, मग ठसे का नाही आकसणार? तुझी ती बाई उगाच नाकाला मिरच्या झोंबवून घेईल, तिला म्हणावं जरा दमानं घे. आणि आम्हाला लवकर जोड. सकाळी कॉफी घेऊन पडद्यापुढे बसते आणि पडदा आपला काळाच. गेल्या आठवड्यात सवय लागली, ती तुझीच चूक.

मावशी


ओतानिएमी, ५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

थंडीनं ठसे आकसत नाहीत. आणि तुझ्या पत्रात काहीतरी राहून गेलंय असं मला वाटतंय.

तू पाठवलेला ठसा मी गेल्या सोमवारी पाहिलेल्या ठशाशी तंतोतंत जुळला. म्हणजे मध्ये तोतया नव्हता, बदल तुझ्या मशीनमध्येच झाला. बाईंची परवानगी काढून आज तुला तेवढ्यापुरतं जोडून पाहिलं. तर ठसा पुन्हा वेगळा! हा तिसरा. कोणीतरी शनिवार-रविवारी येतं आणि किल्ली बदलून जातं, याशिवाय दुसरा अर्थ लागत नाही. सुट्टीच्या दिवशी फावला वेळ असणारा कोणी असेल.

बाई म्हणाल्या, "मशीन उचलून आण. केंद्राचं नंतर बघू." "नंतर बघू" म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे आणि मलाही. मी खूप भांडलो, पण हातात काही नव्हतं. पुढच्या शुक्रवारी येतोय. रस्ता कसाही असो, खाट मोडकी असो. झोपडीला कुलूप घाल आणि किल्ली जवळ ठेव.

तुला काही माहीत असेल तर त्याआधी सांग. रागावणार नाही.

इल्पो


हॉकियार्वी, ८ फेब्रुवारी

लाडक्या इल्पो,

येऊ नकोस, आणि पोलिसांनाही सांगू नकोस. तो चोर रोज माझ्याच ताटात जेवतो. मीच ती.

झोपडीला कुलूप घालून उपयोग नाही, मशीन तिथं नाहीच. गेल्या हिवाळ्यात तुमच्या संस्थेनं खर्च कमी करायला झोपडीतला हीटर बंद केला. मशीन थंडीनं कुडकुडून बंद पडायला लागलं. मी कळवलं असतं तर तुमच्या बाईंनी केंद्राला टाळं ठोकलं असतं. म्हणून घसरगाडीवर घालून मी ते सौनाच्या बाहेरच्या खोलीत आणलं, जिथं आपण कपडे काढून ठेवतो. तिथं शेकोटी आहे, लाकडी भिंती आहेत, तळ्यातल्या मोजमापाची तार खिडकीखालूनच जाते. मशीनला मानवलं. आठवडाभर मस्त गुरगुरत असतं.

पण शनिवारी वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवायचाच. तो काही केंद्रासाठी चुकवणार नाही, ऊर्होनंही चुकवला नसता. वाफ बाहेर येते, मशीनला ओल बाधेल. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्याला बंद करते आणि वरून ऊर्होचा मेंढीच्या कातड्याचा कोट घालते. रविवारी खोली सुकली की चालू करते. टेलनेटच्या दिवसांत ते आपलं आपण जागं व्हायचं, कोणाला पत्ता लागला नाही. तुझं एसएसएच मात्र उठत नाही. मग मी काय करणार? तुझा कागद घेते आणि एक नंबरपासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा करते. किल्लीच्या वेळी ते विचारतं, "किल्ली आधीच आहे, तिच्यावर दुसरी बनवू का?" मी "हो" म्हणते. तूच लिहिलंयस ना, काही विचारलं तर "हो" म्हण!

आत्ता हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की तुझे ते तीन ठसे म्हणजे माझे तीन रविवार असणार.

मी तुझ्यापासून लपवलं, कारण तू संस्थेचा माणूस आहेस, आणि तुला खोटं बोलावं लागू नये. आता तुला माहीत झालंय. लपव असं म्हणणार नाही. आपल्या घरात ती रीत नाही. पण इल्पो, मला लिफ्टवाल्या घरात जायचं नाही. सकाळी उठून तळं कसं आहे हे बघायचं असतं म्हणून मी उठते. ते गेलं तर कशासाठी उठायचं ते मला खरंच माहीत नाही.

तैमीमावशी


ओतानिएमी, १२ फेब्रुवारी

मावशी, माझ्या मावशी,

पत्र वाचून आधी इतका हसलो की शेजारचा उठून पाणी घेऊन आला. सगळी संस्था ज्याच्या मागे लागली होती तो घुसखोर दर शनिवारी सौनात बसतो! मग शेवटचा भाग वाचला आणि ते पाणी प्यावंच लागलं.

चूक माझी. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर काय करायचं, हे मी कागदावर लिहिलंच नाही. डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे मशीन बंद करतच नाहीत, माणसं बंद पडली तरी चालतं. तू जे लिहिलं होतं तेच केलंस.

इलाज सोपा आहे. मशीन जागं झाल्यावर काय काय चालू करायचं याची एक ठरलेली जागा असते. सोबतच्या कागदावरची छोटी फाइल तिथे ठेव. तिचं नाव मोठ्या एसनं सुरू व्हायला हवं, नाहीतर मशीन तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. ती आधी बेभरवसा गोळा करणाऱ्याला उठवेल, मग दार उघडणाऱ्याला. तू फक्त बटण दाबायचं. आणि पहिला कागद शेकोटीत टाक. किल्ली आता जन्मभर एकच राहू दे.

आता अवघड भाग. मी बाईंना सगळं सांगितलं. चोर शोधायला मीच सांगितलं होतं, तेव्हा चोर नाही हेही मलाच सांगावं लागलं, आणि अर्धं सांगणं मला जमत नाही. त्यांनी गेल्या हिवाळ्यापासूनचे हॉकियार्वीचे आकडे मागवले. मग मला बोलावून विचारलं, "मशीन शनिवारी बंद असतं, तर शनिवार रात्रीचे आकडे आले कुठून?" मावशी, कुठून आले? मनातून लिहिले असतील तर आपण संपलो. आधी मला सांग.

तुझा,
इल्पो


हॉकियार्वी, १५ फेब्रुवारी

इल्पो,

मनातून? तुझ्या आईनं हे वाचलं असतं तर तुझा कान पिळला असता.

धक्क्याच्या टोकाशी बर्फात भोक पाडलेलं असतं. सौनातून निघून मी नाहीतरी त्यात उतरतेच. उतरण्याआधी ऊर्होचा जुना थर्मामीटर दोरीला बांधून सोडते, खालपर्यंत, दर मीटरला थांबत. अंगातून वाफ निघत असते तोवर थंडी लागत नाही, तेवढ्या वेळात होतं. रविवारी ते आकडे मशीनमध्ये भरते आणि पुढे "हाताने" असं लिहिते. तुमच्यापैकी कोणी आजवर ते वाचलं नाही, हा माझा कसूर नाही. तार गोठली की ऊर्होही असंच करायचा. त्याला पाणी काय तापमानाचं आहे हे आधी कळू नये असं वाटायचं, म्हणून आकडा मी वाचायची.

फाइल ठेवली. बटण दाबलं. उठलं.

बाईंना जे सांगायचं ते सांग. मी मार्केत्ताला अजून काही बोललेली नाही. तिनं कायानीच्या घराचे पडदे शिवायला टाकलेत.

मावशी


ओतानिएमी, २६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

बस खाली. बसलीस?

केत्तुनेनबाई आज स्वतः माझ्या खोलीत आल्या. हातात माझा अहवाल. तुझे हाताने घेतलेले आकडे त्यांनी आदल्या-नंतरच्या आकड्यांशी ताडून पाहिले होते, सगळे जुळले. मग विचारलं, "लाकडावरचा की विजेवरचा?" मला आधी कळेचना. मग म्हटलं, "सौना? लाकडावरचा." त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. तसा सौना टाकून कोण मशीन सांभाळत बसेल? आणि हीटर बंद करायच्या कागदावर सही माझीच होती." खिशातलं पेन काढलं आणि अहवालावर लिहिलं: "हॉकियार्वी केंद्र चालू ठेवावे. शनिवारी संध्याकाळी मशीन देखभालीसाठी बंद राहील." खाली सही.

मावशी, मी रडलो नाही. पण बाई गेल्यावर खिडकीतून बाहेर बघत बसलो, बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

त्यांनी एक अट घातली आहे. मशीन बंद करण्यापूर्वी आत असलेल्या सर्वांना नियमाप्रमाणे सूचना द्यायची. त्याची आज्ञा सोबतच्या कागदावर आहे. तू जे लिहिशील ते त्या वेळी मशीनमध्ये असलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर उमटेल.

आणि एक माझी लुडबूड. बाईंना विचारून मी मार्केत्ताला तुझ्या मशीनवर जागा करून दिली आहे, आकडे बघण्यापुरती. ती काम करते त्या वाचनालयात तिच्या टेबलावर संगणक आहे, घरीही आहे. तिला फोन करून दार कसं ठोठावायचं ते शिकवलं आणि ठसाही वाचून दाखवला. फोनवर वाचला, ते तुला आवडणार नाही. ती म्हणाली, "आईशी बोलता येईल? खरंच, ओरडल्याशिवाय?"

तुझा,
इल्पो


हॉकियार्वी, ५ मार्च

इल्प्या,

तू लुडबुड्या आहेस आणि माझं तुझ्यावर फार प्रेम आहे.

मार्केत्ता बुधवारी पहिल्यांदा आली, पडद्यावर. मग तिनं विचारलं, "आई, जेवलीस का?" मी लिहिलं, काळा पाव आणि मुइक्कू मासे. ती म्हणाली, मासे कोणी आणले? मी म्हटलं, मीच, जाळं टाकून. एरवी या जागी ओरडाओरड झाली असती. या वेळी ती म्हणाली, किती मिळाले? तेव्हापासून रोज सकाळी वाचनालय उघडलं की येते, मी कॉफी घेऊन बसलेली असते. घराबद्दल तिनं शुक्रवारी लिहिलं. पडदे तिच्या स्वतःच्या खिडक्यांना बसताहेत म्हणे. बस, एवढंच. उठले आणि बाहेर जाऊन तळ्याकडे बघून आले.

शनिवारी सौना तापला तेव्हा नियमाप्रमाणे सूचना दिली: "सर्वांना कळवण्यात येते की दहा मिनिटांत मशीन बंद होईल. सौना तयार आहे. आपापली कामं आवरावीत." आत तुम्ही दोघंच होतात. तू लिहिलंस, "आवरतोय." शनिवारच्या संध्याकाळी तू ऑफिसात काय करतोस हे मी विचारणार नाही, पण घरी गेलास असं समजते.

मार्केत्ता मात्र काही लिहीना. वेळ संपत आली, मी कोट हातात घेऊन उभी. मग तिचं आलं: "आई, भोकात उतरून वर आलीस की मशीन चालू कर. ते चालू झालेलं दिसल्याशिवाय मी झोपणार नाही."

रविवारपर्यंत थांबायची माझी रीत, ओल सुकावी म्हणून. पण पाण्यातून वर आले, आकडे लिहिले, दार सताड उघडून वाफ बाहेर घालवली, शेकोटीत लाकडं टाकली आणि कोरड्या टॉवेलनं मशीनच्या आजूबाजूला सगळं पुसून काढलं. माझे केस अजून ओले होते. मग बटण दाबलं आणि ते जागं होईपर्यंत तिथंच उभी राहिले.

तैमीमावशी